तिसरं पायडल

शहाद्यात मी पंचवीस वर्षं ट्रक खोलले आणि जोडले. पितांबर मिस्तरीच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच कामाला परत येत नाही, अशी फुशारकी मी पुष्कळ मारली आहे. नवलसिंगच्या गाडीचं नाव कुणी काढलं, की मात्र मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

ती गाडी जवरीलाल शेठजींनी चौसष्ट साली एका धरणाच्या कामावरच्या लिलावात घेतली. अमेरिकी, चारही चाकांना जोर असलेली. सातपुड्यात मोलगीच्या चढावर दुसरे ट्रक धापा टाकत, तिथे ही चिखलातूनही वर जायची. पण तिला डाव्या पायाने दाबायचा क्लच नव्हता, गिअर आपले आपण बदलायचे. क्लच नाही ती कसली गाडी, म्हणून आमच्याकडचे ड्रायव्हर हसले आणि कुणी बसायला तयार होईना. नवलसिंग झाला, कारण त्याला डावा पाय नव्हता.

तो मोलगीकडचा. पूर्वी लाकडाचा ट्रक चालवायचा. सागाचा ओंडका गुडघ्यावर आला, धुळ्याला पाय कापला, आणि दोन वर्षं हा माणूस बाजारात दोऱ्या विकत बसला. कुणी हाक मारली तर वर बघायचा नाही. धरणावर जाऊन ही गाडी त्यानेच आणली आणि त्याचा आवाज परत आला. डोंगरातली माणसं, डिंक, चारोळी घेऊन शहाद्यात उतरायचा तेव्हा कुबडी सीटमागे टाकलेली असे आणि कोपर खिडकीबाहेर. मला त्याचा हेवा वाटायचा, खरं सांगतो.

गाडीच्या गिअरबॉक्समधून जरा तेल गळायचं. दर महिन्याला मी ते भरून द्यायचो, आणि सगळ्या गिअरबॉक्सना घालतात तेच घालायचो, काकवीसारखं घट्ट. बॉक्सवर इंग्रजी अक्षरांची एक पट्टी होती. ती कुणाकडून वाचून घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. मिस्तरीने तेल घालायला पाटी वाचायची म्हणजे झालंच की.

तीन वर्षांनी गाडी चढावर अडू लागली. इंजिन ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. तसा दुसरा बॉक्स मुंबईतही मिळेना. शेवटी शेठजी म्हणाले, साधा बसवा, क्लचवाला. नवलसिंग तिथेच उभा होता. शेठजींनी त्याच्याकडे बघितलं नाही, मीही नाही.

गाडी ठोकळ्यांवर घेतली. पुढचा-मागचा शाफ्ट सोडवला, इंजिनाला खालून टेका दिला, केबिनचा पत्रा काढून वरून चेनकप्पी सोडली आणि बॉक्स तिला टांगला. नवलसिंग सरपटत गाडीखाली आला. नको म्हटलं तरी ऐकेना. शेवटचा बोल्ट त्याने स्वतः खोलला आणि बॉक्स जमिनीला टेकेपर्यंत त्याला हात लावून राहिला.

तो जेवायला गेल्यावर मी बॉक्स उघडला. आतल्या चकत्या जळून कोळसा झाल्या होत्या. तेलाच्या वाटा सुईएवढ्या बारीक, आणि त्यांत माझं घट्ट तेल बसलेलं. कुणी सांगायची गरज उरली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी आणि बैल दुसऱ्याचा. मी झाकण लावलं आणि गप्प बसलो. गावातलं नाव जाईल याची मला भीती वाटली.

नवा बॉक्स बसवायला आठ दिवस लागले. शाफ्ट कापून घ्यावे लागले, क्लचसाठी तिसरं पायडल लावावं लागलं. ते नवलसिंगने धरलं आणि मी बोल्ट आवळला. मग तो सीटवर बसला, कुबडीने पायडल दाबलं आणि सोडायला गेला. कुबडी सटकली, गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही.

आमच्याकडे मोठं काम झालं की गाडीचा ड्रायव्हर नारळ फोडतो. शेठजींनी आणलेला नवा ड्रायव्हर भिला चांगला पोरगा होता. त्याने नारळ नवलसिंगच्या हातात दिला. नवलसिंगने फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, चावी भिलाला दिली आणि कुठल्या वळणावर पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा ते सांगितलं.

गाडी गेली. तो माझ्या बाकावर बसून राहिला. मला राहवेना.

“नवल, तुन्ही गाडी मी मारी. तेल चुकीनं टाकं.”

“माले म्हाईत शे,” तो म्हणाला. “धरनना सायेबनी पहिलाच दिन सांगेल व्हतं, यामा पातय तेल लागस. पन तू मिस्तरी, पितांबरभाऊ. तुले मी कसं सांगू?”

तो चिडून बोलला असता तर मी सुटलो असतो. पण तो अदबीने बोलला. तीन वर्षं, दर महिन्याला, मी घट्ट तेल ओतत असताना, पातळ लागतं हे ठाऊक असूनही तो शेजारी उभा राहून माझा मान राखत होता.