निळ्या शिंगांची गाय

मी एका ट्रकचा मागचा फाळका बोलतोय. हो, तोच. माल उतरवताना साखळ्या सोडून ज्याला धाडकन खाली पाडतात आणि नंतर दोघं मिळून कुरकुरत वर उचलतात, तो. आवाज जरा खरखरीत आहे, सांभाळून घ्या. आयुष्यभर धूळ खाल्ली आहे.

मला मंगरूळपीरच्या रामकिसन मिस्त्रीनं घडवलं. सागाच्या चार फळ्या, कडेनं लोखंडी पट्ट्या, खाली बिजागऱ्या. ट्रक गोपीचंद शेठचा. चालवणारा मदनसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. हंगामात कापूस, एरवी विटा-रेती, कधी लग्नाचं वऱ्हाड. पुढच्या काचेला येणारं सगळं दिसतं. माझं तोंड मात्र मागे, म्हणून मला फक्त मागे राहिलेलं दिसायचं. कुणाची टोपी उडाली, कुणाची म्हैस बुजली, कुणाच्या सायकलवरचं दूध सांडलं, हे मदनसिंगच्या गावीही नसायचं. मी बापडा पुढच्या वळणापर्यंत त्यांची काळजी करत राहायचो.

रंगवलं मला फय्याज पेंटरनं. शेठला गाय-वासरू हवं होतं. फय्याजनं पांढरी गाय काढली, तिला बिलगलेलं वासरू काढलं आणि शिंगांपाशी आला तेव्हा तांबडा रंग संपला. सगळे डबे हलवून पाहिले, तर निळा तेवढा शिल्लक. त्यानं शिंगं निळी करून टाकली.

शेठ आला नि बघतच राहिला. "काहो पेंटर, निया शिंगाची गाय कुठं पाह्यली तुमी?"

"नही देखी ना शेठ? म्हनून तर लोक पायतीन," फय्याज म्हणाला आणि ब्रश धुऊ लागला.

लोक खरंच बघायचे. मागून येणारे सायकलवाले हसायचे. मला थोडा तोराही चढला होता, खोटं कशाला बोलू?

मग ७६ सालच्या जानेवारीतली ती दुपार आली. मदनसिंगला दुसरी खेप गाठायची होती. आसेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं नवराबायको चालले होते, डोक्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे भारे. उकंडराव पुढे, भागिरथा दहा पावलं मागे. खड्डा चुकवायला मदनसिंगनं चाक डावीकडे घेतलं. मला धक्का बसला. पऱ्हाट्या उडाल्या, आणि मग तो माणूस मला दिसला, कारण तो आता मागे राहिला होता.

गाडी क्षणभर मंदावली. मला वाटलं, थांबतोय. मग गिअर पडला आणि आम्ही सुटलो. भागिरथा हाका मारत मागे धावली. तिची नजर सरळ माझ्यावर होती. नंबर माझ्या खालीच होता, पण तिला अक्षरओळख नव्हती. तिनं गाय पाहिली.

पुढचं मला नंतर कोर्टाच्या आवारात माणसं बोलताना कळलं. ठाण्यावर तिला नंबर विचारला, तेव्हा ती एकच सांगत राहिली, "निया शिंगाची गाय होती, साहेब." तेवढ्यावरून ट्रक कुठे शोधायचा? कागदावर 'अज्ञात ट्रक' असं लिहिलं गेलं. उकंडराव गेला तो गेलाच. घरात दोन लेकरं, शेत नाही, आणि कमावणारे दोन हात कमी झालेले.

तिच्याच समाजातला इंद्रभान नावाचा तरुण नुकताच तालुक्याला वकिली करू लागला होता. काळा कोट सायकलच्या हँडलला अडकवून हिंडायचा. तो घरी आला, जयभीम घातला आणि म्हणाला, "फी-बी काई नाई घेत मी, बाई. पन सहा महिन्यांच्या आत अकोल्याले भरपाईचा दावा लागला पायजे. आन् ट्रकच सापडला नाई, तं दावा कोनावर लावू मी?"

तेव्हापासून भागिरथा कामाला खाडा पडेल त्या दिवशी फाट्यावर जाऊन बसायची. येणाऱ्या ट्रककडे बघायची नाही, गेलेल्या ट्रकची पाठ बघायची.

पण मी तिला दिसणार कसा? अपघाताच्या चौथ्याच दिवशी शेठनं मला फय्याजपुढे उभं केलं होतं. "गाय काही लाभली नाई. दुसरं काहाडा. कमळ काहाडा." फय्याजनं डाव्या बाजूचा चेपलेला पत्रा पाहिला. त्यानं जुना रंग घासायला पॉलिश पेपर उचलला, तोच शेठनं त्याचा हात धरला.

"अरे अरे, गाईच्या तोंडावर पॉलिश पेपर फिरवतो का? पाप लागंन मले! वरून रंग मारा."

"घासल्याबिगर रंग धरत नाई, शेठ."

"मारा म्हनलं ना वरून."

माझ्या फळ्या तडकायच्या बाकी राहिल्या. रस्त्यात माणूस टाकून आलेल्या गाडीचा हा मालक, आणि चित्रातल्या गाईला खरचटेल म्हणून त्याचा जीव कासावीस होत होता! फय्याजनं हिरवा रंग फासला, वर कमळ काढलं. माझी गाय आत कोंडली गेली. त्यानंतर फाट्यावरून आम्ही कितीदा तरी गेलो. ती बाई मला दिसायची, लांबपर्यंत दिसत राहायची. तिला मात्र कमळच दिसायचं. प्रत्येक वेळी माझा जीव तुटायचा, आणि महिने भराभर सरत होते.

जून अर्धा उलटला. पाऊस नव्हता, नुसती आग. मुदतीचे पंधरा-सोळा दिवस उरले होते. दारावर शेठच्या मुलाचं नाव घालायचं म्हणून आमची गाडी फय्याजच्या दुकानापुढे उभी होती. मदनसिंग हॉटेलात जेवायला गेला होता. तेवढ्यात सायकल हातात धरून इंद्रभान आला, आणि त्याच्या मागून भागिरथा. ट्रकच्या पाठी बघून डोळे गेले, आता त्या रंगवणाऱ्यालाच विचारू, असं वकिलाच्या डोक्यात आलं होतं.

"पेंटरसाहेब, निया शिंगाची गाय कोनाच्या गाडीवर काहाडली होती का तुमी?"

फय्याजचा ब्रश थांबला. त्याच्या कामातलं निम्मं काम शेठचं. "याद नाई," तो म्हणाला. "बहोत गाई काढतो मी."

भागिरथा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. हिरवं पाहिलं, कमळ पाहिलं, आणि नजर काढून घेतली. मी मनातल्या मनात केवढा ओरडलो म्हणता! बाई, मीच आहे, मीच.

"वासरू होतं तिच्याजवळ," ती फय्याजला म्हणाली. "मायच्या अंगाले चिकटून होतं. लय जीव लावून काहाडलं होतं, भाऊ, ज्यानं काहाडलं त्यानं." आणि ती जायला वळली.

फय्याजनं ब्रश खाली ठेवला. मग उठला. "ठहरो, बहन."

तो माझ्याजवळ आला. उन्हानं वरच्या रंगाला फोड आले होते. न घासता मारलेला रंग, तो धरणार कुठून? त्यानं एका फोडाखाली नख घातलं आणि ओढलं. हिरवी साल निघून आली. खाली निळं शिंग.

भागिरथानं पुढे होऊन त्या शिंगावर बोट ठेवलं. फय्याज आणखी सोलणार, तोच इंद्रभान ओरडला, "हात लावू नका आता! पंचासमोर निघू द्या. मी ठान्यावर जाऊन येतो. बाई, गाडी जाऊ देऊ नका!" आणि सायकलवर टांग टाकून तो गेला.

गाडी जाऊ द्यायची नाही म्हणजे काय करायचं? भागिरथा वळसा घालून गेली आणि ट्रकच्या पुढे रस्त्यावर बसली. फय्याज ओरडत होता, "बहन, वहाँ मत बैठो!" यावरूनच मला कळलं. मला पुढचं कुठे दिसतं?

आणि मदनसिंग आला. त्यानं माझ्यावरचं निळं शिंग पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. धावत पुढे गेला. दार आपटलं. इंजिन सुरू झालं. माझी प्रत्येक फळी थरथरू लागली. मागे सगळा रस्ता मोकळा, फय्याज कपाळाला हात लावून उभा, आणि पुढे ती बाई. गाडी पुढे सरकते का, एवढंच मी जिवाच्या आकांतानं अजमावत होतो. गिअर पडल्याचा आवाज आला.

मग इंजिन बंद झालं.

मदनसिंग खाली उतरला, चालत मागे आला आणि माझ्या खाली जमिनीवर बसला. "त्या दिवशी बी हे कराले पायजे होतं," एवढंच तो फय्याजला म्हणाला. पंच येईपर्यंत तिथून हलला नाही.

मुदत संपायला सहा दिवस असताना दावा दाखल झाला. मला बिजागऱ्यांतून काढून मुद्देमाल म्हणून जमा केलं. शेठनं फय्याजचं काम तोडलं, तरी फय्याजनं साक्ष दिली. तारखा पडत गेल्या, तीन वर्षं गेली. दर तारखेला भागिरथा एसटीनं अकोल्याला यायची, लेकरांना शेजारी ठेवून. आज निकाल लागेल का, ही तिची काळजी तिच्याबरोबर यायची आणि तिच्याबरोबर परत जायची.

तिची साक्ष झाली, त्या दिवशी मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेठच्या वकिलानं विचारलं, "बाई, गाडी थांबली असती तरी तुमचा नवरा वाचला असता, हे कशावरून म्हणता?"

"वाचला असता का नाई, मले काय ठाऊक?" ती म्हणाली. "जित्ता होता. तास-दीड तास माह्या मांडीवर होता. पन गाडी रिकामी होती, साहेब."

"रिकामी होती हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही आत पाहिलं होतं?"

"फायका वाजत गेला ना. भरल्या गाडीचा फायका वाजत नाई. हा खडखड वाजत गेला, दूरवर आयकू येत होता." तिनं माझ्याकडे बोट केलं. "त्याले निजवाले जागा होती."

मदनसिंगनं मान खाली घातली. मला खाली घालायला मानही नाही.

दावा मंजूर झाला. लेकरं शाळेत जातात असं इंद्रभान कुणाला तरी सांगत होता. मला न्यायला मात्र कुणी आलं नाही. कोर्टाच्या या खोलीत मी जप्तीच्या सायकलींमागे उभा आहे. खालून वाळवी लागली आहे, एक फळी जवळजवळ गेली. वाळवी आणखी वर चढायच्या आत एवढं सांगून निरोप घेतो. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबा हो. तो वाचेल की नाही याचा हिशेब तिथे करत बसू नका, त्याला आधी उचला. आमच्या वाटेवरचा दवाखाना पाच मैलांवर होता, आणि मी सबंध रस्ताभर वाजत गेलो.