आइसलंडच्या नौदलाचं पिस्तूल

फिलिपिन्समधल्या मियागाओ गावात क्रिसांतो पाल्मारेसच्या बेकरीचे बिस्कोचो, म्हणजे गोड खुसखुशीत टोस्ट, इलोइलो शहरापर्यंत जायचे, पण गावात त्याचं नाव निघायचं ते नेम चुकवण्यावरून. बारा वर्षं दर रविवारी तो उसाच्या मळ्यापलीकडच्या मैदानावर जाऊन वेळ लावून नेमबाजी करत होता. म्हणजे धावायचं, वळायचं, पत्र्याच्या थाळ्या पाडायच्या आणि सगळं घड्याळाशी शर्यत लावून. त्याच्या पिस्तुलावर दुर्बीण होती, तोंडाला धक्का कमी करणारी नळी होती, अंगठा टेकायला खुंटी होती. थाळ्या मात्र उभ्या राहायच्या.

त्याचा व्याही वेन्सेस्लाओ हेल्वेझोन म्हणायचा, "व्याही, आता त्या पिस्तुलाला चाकं लावा. निदान थाळीपर्यंत चालत तरी जाईल."

यंदा क्लबाचे सचिव, वकील नुफाब्ले, यांनी फळ्यावर कागद चिकटवला. जत्रेची स्पर्धा फक्त 'पारंपरिक' पिस्तुलांची. कारखान्यातून आलं तसंच पिस्तूल हवं. नळीवरची नेमाची माशी बदलली तर चालेल, मुठीला खरखरीत पट्टी चालेल, बाकी काही नाही. आणि पहिली गोळी घोडा पाडलेला ठेवून, म्हणजे चाप लांबून आणि जोर लावून ओढायचा. पहिलं बक्षीस गाभण डुक्करीण.

क्रिसांतोने तो कागद तीनदा वाचला. कारण नेम चुकण्याचं खरं कारण त्याने बायकोला, पुरिंगलाही सांगितलं नव्हतं. त्याचे हात लहान होते. अंगाने गडी दारात मावत नव्हता, पण पंजे बारा वर्षांच्या पोरीचे. मोठी मूठ धरली की बोटाचं टोक चापाला जेमतेम शिवायचं.

तरी सोमवारी तो शहरात ग्लेसी मनांगच्या (तिकडे ताईला मनांग म्हणतात, दादाला मनोंग) पिस्तुलांच्या दुकानात गेला आणि ऐटीत म्हणाला, "आमच्या वेन्सी व्याह्यांकडे आहे तसंच दाखवा. पोलादी, मोठं."

ग्लेसीने दिलं. त्याने धरलं. बोट चापाकडे निघालं आणि वाटेतच थकलं. मग त्याने हात जरा फिरवला, तर नळी ग्लेसीच्या काउंटरवरच्या सांतो निन्योकडे, बाळ येशूच्या मूर्तीकडे, वळली.

"मनोंग सांतो," ग्लेसी हात जोडून क्रिसांतोला म्हणाली, "रिकामं आहे, पण देवावर नको."

दुसरं प्लॅस्टिकचं होतं, हलकं, पण मूठ विटेएवढी. तिसरं देशीच, मारिकिना शहरात बनलेलं, देखणं. त्याचा चाप ओढताना क्रिसांतोची जीभ बाहेर आली. चौथ्याला त्याने दोन्ही हातांची दोन बोटं घातली.

ग्लेसीने त्याच्या हातांकडे बघितलं. मग मागच्या काचेच्या कप्प्यातून एक बारीक मुठीचं पिस्तूल काढलं. आठच गोळ्या मावायच्या, तिथे बाकीच्यांत दहा. पण क्रिसांतोने धरलं मात्र, आणि चाप असा आला जसा लोणी कापावं. घोडा टक् करून पडला, नळी हललीसुद्धा नाही. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा. त्याचे डोळे भरून आले.

"हे द्या."

"देते की. लग्नानंतर बायकांना भेट द्यायला लोक नेतात हे." तिने कप्प्याकडे बोट दाखवलं. वर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं: 'खास महिलांसाठी'.

"ग्लेसी मनांग," क्रिसांतो खालच्या आवाजात म्हणाला, "हे पुरिंगसाठीच घेतोय."

"हो का? मग परवाना कुणाच्या नावावर करू?"

"माझ्या," तो म्हणाला आणि कान लाल करून उभा राहिला.

परवान्याचे कागद होऊन पिस्तूल हातात यायला दीड महिना लागला. घरी पुरिंगने ते बघितलं आणि विचारलं, "हे त्याचं पिल्लू का? आई कुठाय?"

"चेष्टा नको. हे फार खास आहे."

"कसलं खास?"

क्रिसांतोला खोटं बोलायची सवय नव्हती. अशी माणसं एकदा बोलली की फार लांब जातात. "आइसलंडच्या नौदलाचं," तो म्हणाला.

पुरिंगने दुपारपर्यंत हे चार घरी सांगितलं. जत्रेच्या सकाळी तो मैदानावर पोचला तेव्हा सत्तावीस स्पर्धक त्याच्या कमरपट्ट्याकडे बघत होते.

"थंडीत बोटं आखडतात ना," क्रिसांतो समजावून सांगू लागला, "म्हणून मूठ बारीक ठेवतात तिकडे."

वकील नुफाब्ले चष्मा पुसत म्हणाले, "पण मनोंग, आइसलंडला नौदल नाही."

"म्हणूनच तर पिस्तुलं विकायला काढली!"

वकिलांनी नियमांचा कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

वकिलांनी गळ्यातल्या माइकवरून नावं पुकारली आणि स्पर्धा सुरू झाली. शिट्टी वाजली आणि क्रिसांतोने पहिली गोळी झाडली. थाळी पडली. त्याला वाटलं शेजाऱ्याची पडली. दुसरी पडली, तिसरी पडली. आठ गोळ्या संपल्यावर तो एवढा खूश होता की मॅगझीन बदलायचं सोडून प्रेक्षकांकडे बघून हसत राहिला. "बदल रे सांतो!" पुरिंग ओरडली, तेव्हा कुठे भानावर आला. त्या हसण्यात चार सेकंद गेले, आणि एकंदरीत तो अकरावा आला. बारा वर्षांत पहिल्यांदा पहिल्या विसांत. डुक्करीण एका दाताच्या डॉक्टरणीने जिंकली.

वेन्सेस्लाओ चोविसावा आला. त्याच्या फेरीत क्रिसांतो गुण मांडायला शेजारी उभा होता आणि त्याने पहिल्यांदाच व्याह्याच्या हाताकडे नीट बघितलं. मोठ्या पोलादी मुठीवर तो हात कसा चढत होता, बोटाचं टोक चापापर्यंत पोचायला कसं ताणत होतं. पहिली गोळी दर वेळी मातीत.

टोमणा जिभेवर तयार होता. बारा वर्षांचं उट्टं काढायचं होतं. पण व्याही टोपी डोळ्यांवर ओढून गाडीकडे निघालेला दिसला आणि क्रिसांतोला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "व्याही, जरा माझं मारून बघता? सरावाच्या जागेत?"

"ते खेळणं?" वेन्सेस्लाओ म्हणाला, पण वळला.

वकील नुफाब्ले देखरेखीला आले. सहा थाळ्या उभ्या होत्या. वेन्सेस्लाओने सहा गोळ्या झाडल्या, सहाही थाळ्या आडव्या. पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि तो तिथेच मातीत बसला.

"व्याही, खरं सांगा. कुठून आणलंत? आइसलंडला माझी ओळख नाही."

क्रिसांतोने इकडेतिकडे बघितलं. दोघांशिवाय फक्त वकील होते. "ग्लेसीच्या दुकानातून," तो पुटपुटला. "बायकांच्या कप्प्यातून. माझे हात लहान आहेत, व्याही."

"माझेही," वेन्सेस्लाओ म्हणाला. त्याने पंजा वर केला, क्रिसांतोने आपला त्याला टेकवला. वेन्सेस्लाओचा नखभर लहानच निघाला. "तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही हो. लग्नात हातमोजे घातले होते मी! कप्पा कोणता म्हणालात, वरचा की खालचा?"

तेव्हा मैदानाच्या त्या टोकाला, लेचोनच्या, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या डुकराच्या, टेबलाभोवती, सगळे घास हातात धरून स्तब्ध उभे असलेले दोघांना दिसले. वकिलांच्या गळ्यातला माइक चालू होता.

पहिल्यांदा पुरिंग हसली. मग मैदान हसलं, इतकं की दोन खुर्च्या मोडल्या आणि डॉक्टरणीची डुक्करीण बिथरून उसात पळाली. दोन्ही व्याही एकमेकांना धरून उभे राहिले, कारण पळायला रस्ता लेचोनच्या टेबलावरूनच होता.

तासाभराने क्रिसांतो हात धूत होता, तेव्हा नळाच्या आडोशाने वकील नुफाब्ले आले. त्यांनी माइक बंद आहे ना, हे दोनदा तपासलं.

"मनोंग," ते हलकेच म्हणाले, "दुकान उद्या किती वाजता उघडतं?"