भागाबाईची जागा

मी नत्थूची किंगरी बोलतेय. सारंगीची गरीब बहीण समजा. तिच्यासमोर तेवढं म्हणू नका. सागाचं माझं पोट, त्यावर बकरीचं कातडं, घोड्याच्या केसांच्या तारा. नत्थूच्या बापानं मला घडवलं.

कारंजा घाडग्याला हायवेवरच्या ढाब्यासमोर आम्ही गायचो. नत्थू माझ्या तारांवर गज फिरवायचा, एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मग त्याची बायको भागाबाई उत्तर द्यायची. तिचं उत्तर रोज नवं. कधी ट्रकवाल्याच्या मिशीची टिंगल, कधी नवऱ्याचीच. माणसं हातातला घास विसरायची. आपलंच घोडं पुढं दामटायची तिला भारी हौस, पण मला ती फार आवडायची.

मागच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. नत्थू तरीही ओळ म्हणून थांबायचा, गज वर धरून. जागा तिची आहे म्हणायचा.

अशात पवनारच्या ऋचा मॅडम आल्या. देशोदेशी रस्त्यावर गाणाऱ्यांचं मिळून एकच गाणं करायचं होतं त्यांना. एकानं आपल्या गावात वाजवायचं, दुसऱ्यानं ते हेडफोनवर ऐकून आपलं त्यात मिसळायचं. सुरुवात आमच्यापासून. मधली रिकामी जागा ऐकून मॅडम म्हणाल्या, "भाऊ, इथे दुसऱ्या कोणाला गायला सांगते."

"तुमची मर्जी जी," नत्थू म्हणाला. "मी तं थांबीनच."

गाणं जगभर फिरून व्हिडिओसकट परत आलं. सेनेगलच्या ढोलवाल्यानं नेमका त्या जागेवर हात उचलला होता. पोर्तुगालची गाणारी बाई तिथं नुसती तोंड उघडून उभी. मॅडमनी विचारलं, तर तिनं कळवलं, "तिथं एक बाई आधीच गातेय. मी मधे कशी तोंड घालू?" ढोलवालाही तेच म्हणाला. शब्द मात्र दोघांनाही कळले नव्हते.

मॅडमनी पुन्हा पुन्हा ऐकलं. काहीच नाही. मग त्यांनी नत्थूला सगळं सांगितलं आणि गाणं त्याच्या मोबाइलवर टाकून दिलं.

तेव्हापासून नत्थूला एकच ध्यास. मला तो हातात घेत नाही, नुसती शेजारी टेकवून ठेवतो. मोबाइलवर ते गाणं लावून ढाब्यावर बसतो. पंजाबी, मद्रासी, जो ट्रकवाला उतरेल त्याच्या कानाला हेडफोन. "आली का बाई? काय म्हनून राह्यली? सांगा ना जी."

ते मान हलवतात. आली म्हणतात, पण त्यांना बोली कळत नाही. ज्यांना बोली कळते त्यांना ती ऐकू येत नाही. नत्थूलाही नाही.

मला ऐकूही येतं आणि कळतंही. त्या जागेवर गज न लागता माझ्या तारा थरथरतात. भागाबाई आता टिंगल करत नाही. रोज नवं उत्तर देणारी ती बाई आता एकच ओळ म्हणते, "एकटीले करमत नाई जी. येजा लवकर."

हल्ली नत्थू त्या जागेवर मान तिरपी करून कानामागं हात धरतो. भाकर ताटातच राहते. फार वाळलाय. मला भीती वाटते हो.

तुम्ही कधी कारंज्याला चहाला उतरलात, तर तो विचारेलच. तुम्हाला मराठी कळतं, तेव्हा बहुधा ऐकू येणार नाही. पण आलंच, तर खुशाल खोटं बोला. काही नाही आलं म्हणा. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणा, "भाऊ, हे जरा वाजवून दाखवा ना."