अठ्ठावीस काय?

"यंत्र निर्दोष होते. कळवलेला आकडा अचूक होता. आकलनातील चूक ही संबंधित डॉक्टरांची वैयक्तिक चूक होय." रुग्णालयाच्या निवेदनातली ही तीन वाक्ये. पहिली दोन अक्षरशः खरी आहेत आणि म्हणूनच, नागरिकहो, ती तिसऱ्याहून घातक आहेत. खोट्याला उभे राहायला असेच भक्कम खांब लागतात.

या रुग्णालयात रक्तातली साखर वर्षानुवर्षे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजनात, मोजली जाई. नवे यंत्र ती मिलिमोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत, मोजू लागले. साखरेपुरता हिशेब सोपा: मिलिमोलच्या आकड्याला अठराने गुणले की जुना आकडा हाती येतो. गुणाकार शाळकरी खरा, पण तो करायचा आहे हे आधी ठाऊक असावे लागते. आणि प्रयोगशाळेची रीत अशी, की तातडीचा निकाल फोनवर कळवताना नुसता आकडा सांगायचा, पुढे एककाचे शेपूट लावायचे नाही. जुन्या मंडळींना बदल कानोकानी समजला होता. नव्याने रुजू झालेल्या तरुण डॉक्टरच्या कानापर्यंत तो पोचलाच नव्हता.

एका दुपारी तिच्यापुढे एक शिंपी बेशुद्धावस्थेत आणला गेला. वॉर्डातल्या साखर तपासायच्या पट्ट्या संपलेल्या, म्हणून तिने रक्त प्रयोगशाळेत पाठवले. फोन आला: "अठ्ठावीस." मिलिग्रॅममध्ये अठ्ठावीस म्हणजे साखर संपत आलेली. तिने तत्काळ शिरेतून ग्लुकोज सुरू केले. प्रत्यक्षात साखर पाचशेच्या वर होती. पुढचा फोन आला: "चौतीस." गुण येतोय असे समजून तिने ग्लुकोज वाढवले. दिवस मावळायच्या आत शिंपी गेला.

चौकशी समितीपुढे ती खाली मान घालून बसली होती. नोकरी जाणार, परवानाही जाणार, हे ठरल्यात जमा होते. समोर शिंप्याची थोरली बहीण होती. तिला बोलायला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी हिचा हात धरून विचारत होते, बाळा, वाढतेय ना साखर? ही म्हणाली, मावशी, वाढतेय. मी हात जोडले हो हिला."

प्रयोगशाळाप्रमुखांनी घसा साफ करून यंत्राच्या अचूकतेवर बरेच भाष्य केले. समितीत रसायनशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. प्रमुख एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"अरे, तुझ्या नातीला ताप आलाय असं समज. मी फोनवर सांगते, औषध पाच दे."

"पाच काय, बाई?" प्रमुखांच्या तोंडून निघून गेले.

"आता कसं विचारलंस! थेंब, चमचे की बाटल्या? एकक लिहिलं नाहीस की मी शून्य द्यायचे, तेव्हा म्हातारी खडूस वाटायची ना?"

"हिनेही विचारायला हवं होतं."

"हवं होतं. ते हिच्या माथी राहीलच. पण फोनवर नुसता आकडा सांगा, हा हुकूम कोणाचा?"

प्रमुखांनी शिंप्याच्या बहिणीकडे पाहिले. मग हातातले निवेदन उलटे करून टेबलावर ठेवले.

डॉक्टरला सक्त ताकीद मिळाली, परवाना वाचला. शिंपी परत येणार नव्हता. आता तिथे फोनवर आकडा आणि एकक दोन्ही सांगतात, आणि ऐकणारा ते पुन्हा उच्चारतो. त्यासाठी एक माणूस खर्ची पडावा लागला! आपण सुशिक्षित मंडळी 'त्यांना माहीत असेलच' या तीन शब्दांवर किती सुखाने झोपतो. आकडा जो सांगतो, त्यानेच तो कशात मोजला हे सांगायचे असते. ते समोरच्याच्या हुशारीवर सोडणे हा आळस आहे आणि त्याची किंमत नेहमी तिसराच कोणीतरी मोजतो.

प्रमुखांचा जबाब शब्दशः असा:

"नवं यंत्र आल्यावर आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली फोनवर एकक सांगत होत्या. मग वॉर्डातून विचारायचे, आपल्या जुन्या मापात किती? त्यांना गुणून सांगावं लागायचं. मला त्याचा वैताग आला. मी म्हटलं, शिकलेल्या माणसांना काय शिकवायचं, नुसता आकडा सांगा. मग कोणी विचारेनासं झालं. मला वाटलं, सगळ्यांना समजलं."