मागांना भारी पडणारा सेट

खासबागच्या बाजारात जुन्या सामानाच्या दुकानासमोर परसू उभा राहिला, तेव्हा रचनाचं लक्ष स्पीकरांकडे कमी आणि बापाच्या मुठींकडे जास्त होतं. या मुठींनी आधी मेव्हण्याचं नाक फोडलं होतं आणि गेल्या वर्षी सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा जबडा. जबड्याचा खटला अजून चालू होता, परसू जामिनावर होता. आता कुणावर हात उचलला तर थेट आत, असं वकिलानं बजावलं होतं.

सेट हवा होता रचनाला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिचा विषय संगीत, आणि वडगावच्या घरात यंत्रमाग दिवसभर खडखडत. मोबाईलवरचा तानपुरा त्यात बुडून जाई. जुना, परवडणारा अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर मिळाले तरी तिचं भागणार होतं.

परसूचे कान मागांनी निम्मे नेले होते. तो आवाज पूर्ण वाढवायला लावी, स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवी आणि डोळे मिटी. दोन सेट त्यानं नाकारले. "ह्यो नुसताच कोकलतोय. हाताला धडक बसाय पायजे," तो म्हणाला. तिसऱ्याला मात्र त्याचा चेहरा खुलला.

"ह्यो घे गं. ह्यो मागांना भारी पडतोय."

रचनालाही तो पटला. पैसे दिल्यावर परसूनं पुन्हा तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

शेजारच्याचं बोलणंही कळू नये एवढा आवाज होता. त्याचाच आडोसा घेऊन दुकानदार अमृत आपल्या भागीदाराशी बोलला. पण मागांच्या घरात वाढलेली पोरं ओठांवरनं बोलणं उचलतात. रचनानं शब्द न् शब्द उचलला.

"बहिऱ्याला चहाला ने. पोरीला गोदामात धाड. सेटचे पैसे तिला परत देतो."

बापानं हे ओठ पाहिले तर इथंच मुडदा पडेल, हे पहिल्यांदा तिच्या मनात आलं. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. अमृत हसत पुन्हा काही बोलू लागला. ते तोंड बंद व्हायला हवं, एवढंच तिला सुचलं. तिनं दुसरा स्पीकर उचलला आणि त्याचा कोपरा अमृतच्या तोंडावर हाणला. तो खाली बसला, तिनं पुन्हा हाणला. दात तुटल्याचं तिला हातातून कळलं.

स्पीकरची तार तुटून एका बाजूचा आवाज गेला, तसे परसूनं डोळे उघडले. त्यानं तिच्या हातातला रक्तानं माखलेला स्पीकर हिसकावून घेतला आणि तिला मागं ढकललं.

लोक धावत आले. भागीदारानं सगळं पाहिलं होतं, पण खरं सांगितलं असतं तर पोरीनं का मारलं हेही सांगावं लागलं असतं. त्यानं परसूकडे बोट केलं. परसूला तर सगळी खासबाग ओळखत होती. पहिली काठी पाठीत बसली, दुसरी कानावर.

मी मारलंय, मी मारलंय, असं रचना ओरडत राहिली. भाजीवाल्या मालुबाईनं तिला कमरेला धरून बाजूला ओढलं.

"गप गं बाई. बापापायी खोटं नगं बोलूस. तुज्या हातनं हे हुतंय व्हय?"

परसूचा ओठ फाटला, गुडघे टेकले. उलटून तो एकदाही मारत नव्हता. दोन्ही हातांनी त्यानं स्पीकर पोटाशी आवळला होता आणि कुणी ओढला तरी सोडत नव्हता. पोलीस आल्यावर मात्र त्यानं तो आपण होऊन त्यांच्यापुढं केला.