आजोबांच्या नऊ विती

"पाय आत घ्या," आजी म्हणाली.

"आत घेतले की गुडघे वर येतात," आजोबा चटईवर उताणे पडूनच म्हणाले. "गुडघे वर करून कुणी मरतं का, एलेउतेरिया?"

भर दुपारी अंगणात आजोबा स्वतःच्या मरणाच्या चटईवर मापाला झोपले होते. डोकं एका काठाला टेकलेलं आणि टाचा दुसऱ्या काठाच्या तीन बोटं बाहेर, मातीत. आमच्याकडे माणसाला शेवटी ज्या चटईत गुंडाळतात ती त्याच्या बायकोनं विणलेली असावी लागते. टाच मातीला लागली तर तो घराकडे चालत परत येतो म्हणतात.

"येईन की," आजोबा म्हणाले. "जेवायच्या वेळेला येईन."

आजी हसली नाही. गुडघ्यांवर बसून तिनं अंगठा काठावर ठेवला, करंगळी ताणली आणि वीत वीत सरकत शेवटपर्यंत गेली. नऊ. आजोबांची चटई नेहमीच नऊ वितींची. ही तर तिनं एकदा पूर्ण उसवून पुन्हा विणली होती, तरी तेच.

"तुम्ही वाढलात का?" तिनं विचारलं. अगदी गंभीरपणे.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? नेरेइदाला विचार. शहरात शिकून आलीय."

मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते आणि मला उत्तर सोपं वाटलं. आम्ही विणतो परसातल्या उतारात खणलेल्या गुहेत. आत ओल असते म्हणून ताडाची पाती मऊ राहते. बाहेर ती कडक होऊन तुटते. ओली चटई वाळली की आकसत असणार. मी एक लांब पट्टी विणली, गुहेत मोजली, दोन दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजली. मीटरमागे चार मिलिमीटर. त्यातून तीन बोटं निघत नव्हती.

दरम्यान आजीनं विणणंच सोडलं. आमच्या बायका चालतानाही टोपी विणत असतात. डोळे वाटेवर, बोटं पात्यांवर. रिकाम्या हातांनी पाण्याला निघालेली आजी मी पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या दोमितिलानं कुंपणावरून विचारलंच, "हात बाजारात विसरलीस काय गं?"

पाणी ठेवून आजी थेट गुहेत जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"पोरी, सबिनाचं असंच सुरू झालं होतं," ती हळूच म्हणाली. सबिना तिची थोरली बहीण. आधी टोर्टिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, मोजताना चुकायची. मग एक दिवस पोटच्या मुलाला म्हणाली, तू कोणाचा रे? "आता मीही तोंडानं नऊ म्हणते आणि घालते आठच," आजी म्हणाली. " आजोबांना सांगू नकोस."

"अगं, मी बघत होते ना. नऊच झाल्या."

"मग तुझंही बिघडलं."

मोजणी बरोबर, माणूस तेवढाच आणि चटई तोकडी. शेवटी मी घरातल्या, तिनं आजोबांना झोपायला विणलेल्या जुन्या चटया शोधल्या. मक्याच्या कणसांखाली अंथरलेली एक सापडली, माझ्या आई-बाबांच्या लग्नाच्या वेळची. दुसरी माझ्या जन्माच्या वर्षीची. टेप लावला. एकशे एकाहत्तर सेंटिमीटर. एकशे चौसष्ट. आणि नवी एकशे त्रेपन्न. मी तिन्ही आकड्यांना नऊनं भागलं. एकोणीस, सव्वाअठरा, सतरा.

"आजी, हात दे," गुहेत परत जाऊन मी म्हणाले.

मी तिचा पंजा वहीच्या पानावर ठेवला. करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती. सरळ कर म्हटलं तर होईना.

"विती नऊच आहेत," मी म्हणाले. "वीत लहान झालीय."

"काहीतरीच. पोरीचा हात मोठा होतो. म्हातारीचा लहान कसा होईल?"

"बोट उघडत नाहीये, बघ."

तिनं दुसऱ्या हातानं करंगळी दाबून पाहिली. सोडली की ती पुन्हा वळायची. तिनं पाच-सहा वेळा तसं केलं, दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं.

"म्हणजे डोकं नाही?"

"डोकं नाही."

मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी हसेल. ती नुसती हाताकडे बघत राहिली. "रोज ह्याच हातानं विणते," ती म्हणाली. "मला कसं कळलं नाही?"

मग आजोबांची बाहेरून हाक आली. "मी वाढलो की नाही, ठरलं का तुमचं?"

"तुम्ही होता तेवढेच आहात!" आजी ओरडली.

मी टेप पुढे केला. "एकशे सत्तरवर खूण करून देते. तिथपर्यंत वीण."

"तो टेप ह्यांचा कोण लागतो?" तिनं तो बाजूला सारला.

तिनं चटईचा मुडपलेला काठ सोडवला, नव्या पात्या घातल्या आणि विणायला घेतलं. बोटं आधी अडखळली, मग लागली चालायला. ऊन गुहेच्या तोंडापासून मागे सरकलं तेव्हा तिनं माप घेतलं. सात. आठ. नऊ. पुढे अजून एक पंजाभर चटई उरली होती.

आजीनं हात उचलून त्या उरलेल्या भागावर ठेवला, वळलेली करंगळी जेवढी ताणता येईल तेवढी ताणली आणि पुन्हा म्हणाली, "नऊ."