गुलशनने केलेला फोन

"वाच ना वं गुलशन. मोठ्यानी वाच, मांगे आयकू येत नही."

कारखान्याच्या बंद फाटकावर कागद चिकटवलेला होता आणि दीडशे माणसं गुलशनच्या तोंडाकडे बघत होती. नोटीस लागली की ती गुलशनने वाचायची, हा इथला रिवाजच होता. नवापूरच्या शिंप्याची ही मुलगी शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, नवरा गेला, पण ती बातम्यांतली मराठी काही जिभेवरून उतरली नाही. कामावरच्या बायका तिला 'रेडिओ' म्हणून चिडवायच्या आणि अर्ज मात्र तिच्याकडूनच लिहून घ्यायच्या.

आज रेडिओचा आवाज फुटेना. तिने ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"सर्व कामगारांना कळविण्यात येते की, हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारीत तथ्य आढळल्याने ग्राहक कंपनीने आपली ऑर्डर कायमची रद्द केली आहे. सबब, कारखाना आजपासून बंद करण्यात येत आहे."

ग्राहक म्हणजे मोबाईल बनवणारी एक बडी परदेशी कंपनी. नवा फोन खोक्यात ज्या कागदी ट्रेवर पडून येतो, ते ट्रे इथे उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून बनत. प्लॅस्टिक नको, पृथ्वी वाचवायची, म्हणून. कल्पना चांगलीच होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण लगदा पांढरा करायच्या औषधाचं पाणी मालक मागच्या पाइपातून नाल्यात सोडायचा, आणि तपासणीच्या दिवशी पाइपापुढे चिपाडाचा ढीग रचायचा. त्याला हे सोपं वाटत होतं आणि सहा वर्षं ते सोपंच गेलं.

त्या नाल्याचं पाणी पिऊन गजराबाईच्या दोन बकऱ्या मेल्या. गजराबाई आणि गुलशन सहा वर्षं एकाच टेबलाशी ट्रेच्या कडा कापत बसलेल्या. पाण्याच्या टाकीजवळ त्या परदेशी कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर लावलेला होता, 'आपले नाव गुप्त राहील' असं लिहून. आधी गजराबाईनेच फोन लावून पाहिला होता.

"ती पोर नुसती हॅलो हॅलो करस," ती येऊन म्हणाली. "मन्ही बोली तिले समजत नही. तुन्हं शुद्ध शे, तू सांग ना माय. पाड्यावरना लोक तेच पानी भरतस."

गुलशनने सांगितलं. एकेक वाक्य सावकाश, स्पष्ट. 'रासायनिक सांडपाणी' हा शब्दही तिने न अडखळता म्हटला. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती मनातून खूश होती. आपलं चांगलं बोलणं आयुष्यात एकदा तरी कामी आलं, असं तिला वाटलं. कंपनी मालकाचे कान पिळेल, पाणी साफ करायचं यंत्र बसवायला लावेल, एवढाच तिचा हिशेब. कंपनीची माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. तीन महिन्यांनी त्यांनी नाला होता तसाच ठेवला आणि आपली पुरवठादारांची यादी तेवढी साफ केली.

"कोनी कया फोन?" हमाल वाहरू फाटकापाशी ओरडला. "ज्यानी कया, त्यानं वाटोयं व्हवो!"

मग तो गुलशनकडे वळला. हेल्पलाइनच्या पोरीशी बोलू शकेल असं माणूस त्या गर्दीत एकच होतं. गुलशनने गजराबाईकडे पाहिलं. गजराबाई स्वतःच्या चपलांकडे बघत होती. तिचा मुलगा भटू आणि सून रुपा, दोघंही याच कारखान्यात होते.

"मीच कया," गुलशन म्हणाली.

"कोनी सांगं तुले?"

गजराबाईने मान वर केली नाही.

"कोनीच नही. मन्ह्या मननं कया."

वाहरूने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "भाभी, पानी खराब शे, ते आमले बी माहीत व्हतं," तो एवढंच म्हणाला. "पन रोजी व्हती."

रस्त्यावर रिक्षा उभी होती. गजराबाई आधीच चढून बसली होती. गुलशन जवळ गेली, तशी तिने मांडीवरची पिशवी उचलून शेजारच्या जागेवर ठेवली.

"जागा नही," ती म्हणाली, दुसरीकडे बघत.

गुलशन महामार्गाच्या कडेने चालू लागली. फर्लांगभर गेली असेल, तोच फोन वाजला.

"नमस्कार, गुलशनताई ना? हेल्पलाइनवरून बोलतेय. आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आपण समाधानी आहात का?"

"बाळ, कारखाना बंद झाला."

"हो ताई, सिस्टिममध्ये तेच दिसतंय. निवारण झालं, असं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

पोरीने आवाज खाली आणला. "तर ती तक्रार माझ्या नावावर उघडी राहते, ताई. महिन्याला तीनच चालतात."

"जास्त झाल्या तर?"

 तिच्या मागे दुसऱ्या पोरींचे आवाज ऐकू येत होते, नमस्कार, नमस्कार.

"लिही," गुलशन म्हणाली. "समाधानी आहे."

फोन ठेवल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. सुरतेकडचे ट्रक जात राहिले. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून डबा काढला. रोजच्यासारखी दोघींपुरती भाजी होती, गजराबाईला आवडते तशी, तिखट जास्त घातलेली. गुलशनने ती सगळी एकटीने संपवली, वाया जाऊ नये म्हणून.